तिसऱ्या तुकड्यातली हाक

कॉलेजात असताना माझ्या संकेश्वरच्या मित्रानं एक अल्बम केला. हिप-हॉप, पण रॅप नाही. नुसता ताल आणि त्यात इकडून तिकडून उचललेले आवाज. तिसऱ्या तुकड्यात माझे आप्पा होते. ते तेव्हा बेळगाव-निपाणी गाडीवर कंडक्टर. "काकती, हत्तरगी, संकेश्वर, निप्पाणीऽ!" ही त्यांची हाक मित्रानं मोबाइलवर टिपली आणि गाडीच्या पत्र्यावरच्या त्यांच्या दोन थापांवर अख्खा ताल बांधला. "मी काय गवई हाय व्हय रं?" म्हणत आप्पांनी तो लाजत लाजत तीनदा ऐकला. माझा तर तो सगळ्यात लाडका अल्बम.

गेल्या वर्षी घशाच्या ऑपरेशनात आप्पांचा आवाज गेला. आता ते पाटीवर लिहून बोलतात. घरात त्यांचा आवाज कशातच नाही; माझ्या लग्नाच्या व्हिडिओवरसुद्धा नुसती सनई. मग अल्बम आठवला. जुना लॅपटॉप केव्हाच भंगारात गेला होता, पण मित्रानं तेव्हा गाण्यांच्या ॲपवर टाकलेला अल्बम सापडला.

आप्पांना कॉटवर बसवलं, तिसरा तुकडा मोठ्यानं लावला. त्यांचा हात आपोआप उचलला गेला आणि कॉटच्या कडेवर दोन थापा पडल्या, बरोब्बर तालात. हाकेच्या जागी मात्र कुठलीतरी बासरी वाजली.

माझं डोकंच सणकलं. बासरी! एवढी एकच हाक उरली होती, तीही या गड्यानं न विचारता पुसून टाकली. तिथंच त्याला फोन लावला, स्पीकरवर, आप्पांनाही कळू दे म्हणून. "दगा दिलास," म्हणालो. आणखीही नको नको ते बोललो.

तो म्हणाला, "अरं, तूच सांगितलंतास की. नवी नोकरी लागलती तवा. हापिसात लोक हसत्यात, त्या कंडक्टरचा आवाज काढ म्हणालतास. मी लई न्हाय न्हाय म्हटलं. आता मूळ आवाज माझ्याकडंबी न्हाय."

खरं होतं. डबा खाताना मी अल्बम लावला होता आणि कुणीतरी हसलं होतं. हाक देणारा कोण, ते मी सांगितलं नव्हतं. एवढं करून मी ते साफ विसरलोही होतो.

मी फोन ठेवला. आप्पांनी पाटी ओढून घेतली. आता मला चांगलं सुनावतील असं वाटलं, सुनावावं असंही वाटलं. त्यांनी सावकाश लिहिलं आणि पाटी माझ्याकडे फिरवली.

'बासरी बी चांगली हाय.'