नेजातभाईंचे पंतप्रधान

माइक सुरू करताना कुईऽऽ असा एक आवाज होतो. तो मी पहिल्यांदा ऐकला कोरेगावच्या बाजारात, निवडणुकीच्या सभेत. सातवीनंतर शाळा सुटली होती आणि मी लाऊडस्पीकरवाल्याकडे कामाला लागलो होतो. पुढाऱ्यांनी कानावर हात ठेवून माझ्याकडे असं पाहिलं, की अजून आठवतं.

सिंगापूरला, चोआ चू कांगमध्ये मुलाकडे राहायला आलो तेव्हा वाटलं, आता हे कोणाला सांगायचं? पण ब्लॉकखालच्या बाकावर नेजातभाई भेटले. तेही माइकवालेच, फक्त तुर्कस्तानातले. त्यांचे साहेब पुढे पंतप्रधान झाले, एवढाच फरक. इथे एका हॉटेलच्या किचनमध्ये आपल्या लोकांबरोबर त्यांनी बरीच वर्षं काढली, त्यामुळे हिंदी छान बोलतात. किस्से रिकाम्या डब्यांसारखे असतात. टाकवत नाहीत, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळे अंगावर येतात.

आमचं कपाट उघडलं ते एका फोनने. साहेब आता खूप म्हातारे झालेत, उपचारासाठी सिंगापूरला आलेत, आणि नेजातला भेटायचं म्हणतात. जावं की न जावं, ते नेजातभाईंना ठरवता येईना. का, ते कळायला आधीचं ऐकायला हवं.

*

साहेब मुळात औषधांचे दुकानदार. पहिली निवडणूक गावच्या नगराध्यक्षपदाची. पहिल्याच सभेत वीज गेली. माइक बंद. नेजातभाई वायरी हलवत घामाघूम झाले, पण साहेब थांबले नाहीत, तासभर बोलले. मागच्यांना अक्षर ऐकू गेलं नाही.

साहेब निवडून आले. नेजातभाई माफी मागायला गेले तर म्हणाले, "माफी कसली? ऐकू गेलं नाही, म्हणूनच आलो."

*

साहेब बुटके. मंत्री झाल्यावर राजधानीत कोणीतरी भाषणाच्या टेबलामागे उभं राहायला लाकडी खोकं ठेवलं. साहेबांनी ते पायाने बाजूला सारलं आणि नेजातभाईंना खूण केली, माइक खाली घे.

"माझी उंची मतदारांना माहीत आहे," ते म्हणाले. "आता वाढवली तर फसवल्यासारखं होईल."

तेव्हापासून साहेब येण्याआधी माइक खाली घेणं हे नेजातभाईंचं काम. दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना चालायचा नाही.

*

साहेब पंतप्रधान झाले ते तीन पक्षांच्या सरकारात. तिघांचे तीन नेते, आणि कोणीही दुसऱ्याच्या नंतर बोलायला तयार नाही. शेवटी नेजातभाईंनी तीन माइक लावले. तिघं एकदमच बोलले.

बाकावर आमचे देशपांडे असतात, बँकेतून रिटायर झालेले. ते म्हणाले, "नेजातभाई, हे आमच्याकडे झालंय. नवीन काहीतरी सांगा."

"नवीन आहे ना," नेजातभाई म्हणाले. "मग लष्कर आलं."

*

सैनिक आले त्या दिवशी एका जनरलने नेजातभाईंना सांगितलं, तुझ्या साहेबाच्या लाऊडस्पीकरवरूनच आमचा हुकूम ऐकव. नेजातभाईंनी अँप्लिफायरमधला फ्यूज काढला आणि खिशात टाकला.

त्या फ्यूजपायी दोन वर्षं तुरुंगात गेली. साहेबही आतच होते, दुसऱ्या इमारतीत. मधल्या काळात नेजातभाईंची आई वारली. शेवटचं बघायला सोडा, असा अर्ज केला. नाही सोडलं. नकारावर सही त्याच जनरलची.

हा किस्सा त्यांनी एकदाच सांगितला. सांगून झाल्यावर गार झालेली कॉफी तशीच प्यायले.

*

काही वर्षांनी साहेबांवरची निवडणूक लढवायची बंदी उठली. साहेब पुन्हा उभे राहिले, पुन्हा निवडून आले, पण बहुमत नव्हतं. तो जनरल आता सूट घालून एका पक्षाचा नेता झाला होता. साहेबांनी त्याला बरोबर घेतलं.

शपथविधीनंतर व्यासपीठावर दोघांनी मिठी मारली. टाळ्या झाल्या. नेजातभाई माइकपाशी उभे होते, हातभर अंतरावर.

कार्यक्रम संपला. त्यांनी सगळ्या वायरी नीट गुंडाळल्या, माइकच्या खोलीची किल्ली चौकीदाराला दिली, आणि घरी गेले. परत कामावर गेलेच नाहीत. वर्षभरात चुलतभावाच्या ओळखीने सिंगापूर.

मी विचारलं, "साहेबांना काही बोललात?"

"काय बोलणार? माइक बंद केला होता."

*

ते सरकार टिकलं नाही. जनरलनेच पाठिंबा काढला. पुढच्या निवडणुकीत साहेब स्वतःच्या गावातही हरले. नेजातभाईंनी ते इथे किचनच्या टीव्हीवर पाहिलं. साहेब पराभव मान्य करायला उभे राहिले, आणि बोलताना मान उंच करत होते.

"माइक वर होता," नेजातभाई म्हणाले. "एवढी माणसं होती तिथे. कोणी खाली घेतला नाही."

*

तर जायचं की नाही? बाकावर आठवडाभर तीच चर्चा.

देशपांडे म्हणाले, "राजकारणात असं करावं लागतं हो. आकडे जुळवायला लागतात."

"तुमची आई गेली तेव्हा तुम्ही कुठे होतात, देशपांडेसाहेब?"

"पुण्यात. शेजारीच बसलो होतो."

"मग राहू द्या."

शेवटी एके सकाळी नेजातभाई माझ्या दारात आले. इस्त्रीचा शर्ट. म्हणाले, "तुम्ही चला बरोबर. एकट्याने मी मधल्याच स्टेशनवर उतरेन."

एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, एकच वाक्य बोलले. "फक्त विचारणार आहे, मिठी मारताना माझी आई आठवली होती का."

साहेब इस्पितळाच्या बागेत चाकाच्या खुर्चीत होते. एवढेसे झालेले. नेजातभाईंना पाहून त्यांनी उजवा हात पुढे केला. त्यांच्यात वडीलधाऱ्यांचा हात ओठांना लावून मग कपाळाला टेकवतात, आपण पाया पडतो तसं. नेजातभाईंनी हात घेतला नाही. उभ्यानेच तुर्कीत काहीतरी विचारलं. एकच वाक्य होतं, म्हणजे तेच असणार.

हात तसाच पुढे राहिला. मग त्याच हाताने साहेबांनी नेजातभाईंचा हात धरला, स्वतःकडे ओढला, ओठांना लावला, आणि कपाळावर टेकवून डोळे मिटून बसले. माणूस नव्वदीकडे आलेला, दोनदा पंतप्रधान झालेला. नेजातभाई त्यांच्यापेक्षा वीसएक वर्षांनी लहान.

नेजातभाईंनी हात सोडवला नाही. साहेबांनीच सोडला तेव्हा तो खाली घेतला, क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, आणि फाटकाकडे चालू लागले.