काळ्याची भाकरी

दुधनीजवळच्या आमच्या गावातून मी सोलापूरला निघाले तेव्हा माझी आई, अव्वा, रडली नाही. बसच्या खिडकीशी येऊन एवढंच म्हणाली, "येळेवर खा. लोकाच्या नादानं उपाशी ऱ्हाऊ नगंस." आमचा कुत्रा काळ्या वेशीपर्यंत धावत आला, पण वाटेत आमची मेंढरं दिसताच मला सोडून त्यांच्यामागं गेला. मला त्याचा रागच आला होता.

तुमच्यापैकी जे गावात राहिलात त्यांना वाटतं, आम्ही सुटलो. जे निघालात त्यांना ठाऊक आहे, पहिलं वर्ष कसं जातं ते. मला चिंचोळी एमआयडीसीत नोकरी लागली, नवी पेठेमागं खोली मिळाली आणि डब्याला दोन मैत्रिणी लाभल्या. श्रीलता विणकरांच्या घरातली, घरात तेलुगू बोलणारी. नसरीनची भाषा दखनी. डबे उघडले की तिघींची खानदानं निघायची.

"आमची चादर जगभर जाते. तुमचं घोंगडं टोचतं," श्रीलता म्हणायची.

"टोचतं म्हणून तर राखणदाराला झोप लागत न्हाय," मी म्हणायची. तोवर नसरीन माझी शेंगाचटणी संपवून मोकळी.

तिकडं गावी माझ्या वडिलांचे, अप्पांचे गुडघे गेले, मेंढरं विकावी लागली आणि काळ्यानं खाणं टाकलं. मला वाटलं, माझ्यासाठी झुरतोय. काय पण माझी मिजास! त्याला खोलीवर आणलं, तर तिथंही तोंड लावेना. श्रीलतानं चिंचेचा भात आणून पाहिला. नसरीननं खिमा आणला. "क्या रे नवाब, ये बी नै होना तेरेकू?" तो हुंगायचा आणि दाराकडं बघत बसायचा. त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या तशी मी घाबरले.

एका रविवारी दिवेलागणीला दोघी एकदमच आल्या. मी दाराला कडी लावली. काळ्या उठला, एकेकीला हुंगून आला आणि सकाळची वाळकी भाकरी खाऊ लागला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं मेंढरं वाडग्यात, काटेरी कुंपणाच्या आत आली, दाराला ताटी लागली, की मगच कुत्र्याला भाकरी घालतात. बिचारा रोज कळपाची वाट बघत होता.

"म्हणजे आम्ही मेंढरं?" श्रीलता किंचाळली. पण त्या दिवसापासून दोघी घरी जाताना माझ्याकडं डोकावू लागल्या. एकदा जमेना, म्हणून व्हिडिओ कॉल करून पाहिला. गडी फसला नाही.

दिवाळीला जीपवाल्याला गळ घालून काळ्याला गावी नेलं. अप्पांनी माझ्यासाठी दुधनीच्या अडतीत नोकरी बघून ठेवली होती. "दोघं बी हितंच ऱ्हावा की," म्हणाले. मला नाही म्हणवेना, आणि होही म्हणवेना. काळ्या दोन दिवस रस्त्याकडं तोंड करून बसला. अव्वानं दुधात कुस्करलेल्या भाकरीलाही तो शिवला नाही.

तिसऱ्या दिवशी अप्पा त्याच्याशेजारी टेकले. सारी हयात मेंढरांमागं गेलेला माणूस, त्यांना सांगावं लागलं नाही. "ह्याचा कळप तितं हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, "जावा दोघं बी. सांजच्या आत पोचशिला."

त्या संध्याकाळी श्रीलता आणि नसरीन खोलीवर आल्यावर मी फोन लावला. "घरी पोचले," बोलून गेले आणि जीभ चावली.

अव्वा म्हणाली, "सगळी आत आली न्हवं? मग घाल त्याला भाकर. आन् तू बी खा."