आबांच्या चुकीचे रोट

आबांना माणसाचं नाव कधी धड आठवायचं नाही. मला ते थोरल्या भावाच्या नावाने हाक मारत, भावाला बैलाच्या, आणि बैलाला त्या दिवशी जे तोंडात येईल त्या. एकदा शाळेच्या मास्तरांना त्यांनी भर चावडीत न्हाव्याच्या नावाने बोलावलं आणि वर "मनी दाढी राही गई" असं सुनावलं. मास्तर नवे, धुळ्याहून आलेले. त्यांना वाटलं, म्हातारा टिंगल करतोय. आम्हालाही कधी कधी तसंच वाटे. हा माणूस विसराळू की बेरकी, या कोड्यात आमचं अख्खं गाव होतं. मी तर अजून आहे.

आमचं गाव शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. आबा हे माझ्या वडिलांचे, म्हणजे तात्यांचे, थोरले चुलतभाऊ आणि आमच्या भाऊबंदकीतले सर्वांत वडील. स्वराज्य आल्यावर गावात शाळा आली. ती सुटली की पोरं नाल्यात, चिंचेवर नाहीतर एकमेकांच्या उरावर. आबांनी त्यांना आमच्या सामाईक ओट्यावर गोळा करायला सुरुवात केली. तिथे नेमकं काय चाले, हे सांगणं कठीण. कधी पाढे, कधी लेझीम, कधी दोर वळणं. कधी आबा नुसतंच विचारत, "आज काय समजनं नही?" ज्याला काही समजलं नसेल त्याला पुढे बसवत आणि ज्याला सगळं समजलं असेल त्याला मागे. त्यामुळे आमच्यातली हुशार पोरंही काही दिवसांत गोंधळल्यासारखी दिसू लागली.

माझ्या आईने एकदा विचारलंच, "आबा, हाई शाळा शे का तालीम?"

"माले काय माहीत? तुले समजनं ते माले सांग," आबा म्हणाले.

समजत नव्हतं तरी गाव हात राखून वागलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. रोज एका घराची पाळी असे. त्या घरून पोरांसाठी टोपलीभर लाह्या नाहीतर भाजलेल्या शेंगा येत. सुताराने लेझमीचे दांडे करून दिले, तेलिणीने ढोलासाठी रिकामा डबा दिला. आपण कशाला मदत करतोय हे माहीत नसताना इतक्या मनापासून मदत करणारी माणसं मी नंतर कुठे पाहिली नाहीत.

मग कुरबुर सुरू झाली. डोंगरातल्या पाड्यांवरून शाळेला उतरणारी पावरा आदिवासींची पोरंही ओट्यावर थांबू लागली होती. वेस्ता, खेत्या, डेमश्या. तीही आमच्याच सतरंजीवर बसत, आमच्याच माठातलं पाणी पीत. हे घराघरांत खटकलं, आणि बोलायला पुढे झाले ते आमचे तात्या.

"आबा, ओटा भाऊबंदकीना शे. डोंगरना पोरे तठे कसाले? श्रावणमा कानबाईना सन व्हई गया का त्यासले बसू देऊ नका. नहीते पाळी बंद."

"बरं," आबा म्हणाले.

एवढंच! मला रडूच कोसळलं. लेझमीच्या रांगेत वेस्ता माझ्या शेजारी असे, आणि तो नसला की माझा पाय हमखास चुके. आबा भांडतील असं वाटलं होतं. ते तर खुशाल शेंगा सोलत बसले.

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या, अगदी तान्ह्या पोराच्याही नावाने सव्वा मूठ गहू घेतात. ते रोट भाऊबंदांनीच खायचे, परक्याला द्यायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. आमच्याकडे नावं घ्यायचा मान आबांचा. ते नाव घेत आणि आई सुपात मूठ टाकी. त्या वर्षी आबा डोळे मिटून बसले आणि सुरू झाले. आमची नावं झाली. मग त्याच सुरात, न थांबता: वेस्ता, खेत्या, डेमश्या. आईचा हातही लयीत होता. मुठी पडून गेल्या. तात्या ओरडले तेव्हा आबांनी डोळे उघडले.

"चुकी गऊ, भाऊ. रोज ज्या नावे लेस, त्याच तोंडमा उनात."

आता काय करायचं? एकदा कानबाईच्या नावाने पडलेली मूठ सुपातून काढायची कुणाची छाती होईना. दळलं, भाजलं, रोट ढीगभर झाले. भाऊबंद दोन्ही वेळा रोट, खीर आणि गंगाफळाची भाजी खाऊन टेकीला आले. पौर्णिमा तोंडावर आली आणि रोट उरलेलेच. शेवटी आईच म्हणाली, "ज्याना नावनी मूठ, त्यालेच खावाडा." पावरा पोरांची पंगत बसली ती ओट्यावरच. तात्या पाठ करून उभे होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली, पोरं नेहमीसारखी येऊन बसली आणि तात्या त्यांना उठवायला आले.

आबा म्हणाले, "तात्या, त्यासनी रोट खादा. आते त्या भाऊबंद शेत. ओटा त्यासना बी शे."

तात्या आल्या पावली घरी गेले. रीत त्यांचीच, तिच्यावर बोलणार काय? संध्याकाळी आमच्या घरून लाह्यांची टोपली आली.

मी आबांना पुढे एकदा विचारलं, "आबा, तुम्ही चुकनात का मुद्दाम नावे लिधात?"

"तुले काय वाटस?"

"माले समजत नही."

"मंग पुढे बस," ते म्हणाले.

काही वर्षांनी, कापूस वेचणीच्या दिवसांत, आबा गेले. दहाव्याला नदीकाठी भाऊबंदकीतले सगळे पुरुष डोकं करायला ओळीने बसले. तेवढ्यात डोंगराच्या वाटेने तिघं उतरले. वेस्ताला मिसरूड फुटली होती. ते ओळीच्या शेवटी येऊन बसले आणि त्यांनी डोक्याची फडकी सोडली. न्हाव्याचा वस्तरा थांबला. त्याने तात्यांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

तात्या उठले, नदीचं पाणी ओंजळीत घेऊन ओळीच्या शेवटी गेले आणि स्वतःच्या हाताने वेस्ताचं डोकं भिजवू लागले.

"देखत काय बठना?" ते न्हाव्यावर खेकसले. "घरना पोरे शेत."