सही करणारं मशीन

वामनराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी हार्डवेअरच्या दुकानात त्यांच्याशीच मनातल्या मनात भांडत होतो. आदल्या दिवशी त्यांनी चिठ्ठी दिली होती : तीन एमएमचे बारीक स्क्रू, वीस नग, आणि ‘दत्ता, मागच्यासारखे चार एमएमचे आणू नको.’ दुकानदार डबे उपसत होता, मी चष्मा पुसत होतो, आणि वहिनी फोनवर एवढंच म्हणाल्या, ‘‘भाऊजी, या. हे गेले.’’ सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंतही थांबले नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांना वेळेवरून बोलणारा माणूस... मी तसाच निघालो. दुकानदार मागून ओरडला, ‘‘काका, स्क्रू तो ले जाओ!’’ तेही घेतले. त्या दिवशी खिशात वीस स्क्रू घेऊन मी खांदा दिला. आता दीड महिना झालाय, म्हणून हे लिहायला बसलोय.

आमची ओळख भांडणातून झाली. पेपर मिलमध्ये ते इलेक्ट्रिक खात्यात आणि मी टाइम ऑफिसात. पगाराच्या दिवशी निम्मे मजूर माझ्यासमोर रांगेत येऊन रजिस्टरवर अंगठा उठवायचे, आणि शाईची डबी माझ्या ताब्यात असायची. एके दिवशी वामनराव आले आणि ती डबी उचलून खिडकीबाहेर फेकून मोकळे झाले. म्हणाले, ‘‘माणूस दिवसभर इथं राबतो, त्याचं नाव काय फक्त बोट आहे का?’’ दुसऱ्या दिवसापासून चहाच्या सुट्टीत त्यांचा वर्ग सुरू झाला. पेपर मिलमध्ये कागदाला काय तोटा! रद्दीच्या तावांवर ते एकेकाचं मनगट धरून सही गिरवून घ्यायचे. वर्षभरात माझी डबी वाळून गेली. त्यांची स्वतःची सही मात्र बघण्यासारखी होती. ‘वा’चा काना झेंड्याच्या काठीसारखा ताठ, आणि शेवटी ‘व’ला एक झोकदार शेपूट. रजेच्या अर्जावर ती सही असली की साहेब अर्ज नाकारायला जरा कचरायचे, म्हणजे रजा आपोआप मंजूर.

निवृत्तीनंतर दोघंही बऱ्हाणपुरात सिंधीपुऱ्यात घरं घेऊन राहिलो, आमच्यामध्ये फक्त तीन घरं. आणि तिथंच गेल्या काही वर्षांत त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण त्यांनी ते कुणालाही सांगितलं नाही. मला कळलं ते बँकेत. पेन्शन काढायला आम्ही दोघं गेलो होतो. खिडकीतल्या पोराने स्लिप उलटसुलट केली आणि सहज म्हणाला, ‘‘अंकल, साइन मॅच नहीं हो रहा. ऐसा करो, अंगूठा लगा दो.’’ वामनरावांनी स्लिप परत घेतली, घडी घालून खिशात ठेवली आणि चालायला लागले. घराच्या दाराशी आल्यावर म्हणाले, ‘‘दत्ता, मरेन, पण अंगठा नाही लावणार.’’ मी म्हणालो, ‘‘मग पेन्शन?’’ तर म्हणाले, ‘‘मशीन बनवतो.’’ उन्हाचा परिणाम असेल म्हणून मी त्यांना लिंबू सरबत घ्यायला सांगितलं.

पण माणूस खरंच कामाला लागला. मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यांनी ठरवलं की कॉम्प्युटर सांगेल तसा पेन पुढेमागे, डावीउजवीकडे हलवणारं सीएनसी मशीन घरीच करायचं. भंगारवाल्याकडून दोन जुने प्रिंटर आणून त्यांतल्या मोटरी काढल्या. पेन ज्यावर सरकणार त्या पट्ट्यांसाठी वहिनींच्या नव्या ट्रॉलीतले ड्रॉवरचे चॅनल उपसले. त्यामुळे चमचे काढायला गेलं की अख्खा ड्रॉवर पायावर येऊन पडे. वहिनी मला म्हणाल्या, ‘‘भाऊजी, तुम्ही तरी समजवा नं ह्यांना. स्वयंपाक करून राहिली का कुस्ती, काही कळून नाही राहिलं.’’ मी समजवायला गेलो आणि बॅटरी धरून उभा राहिलो. पुढचे आठ महिने तीच माझी नोकरी.

सगळ्यात गंमत वायरिंगची. मिलमध्ये प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधायची त्यांची सवय होती, ती इथंही आली. पण आकडे आठवत नाहीत म्हणून त्यांनी वायरींना आमच्या मिलमधल्या जुन्या माणसांची नावं दिली. एका मोटरीला चार वायरी : दामले, कुरेशी, चौधरी आणि दत्ता. यांच्या जोड्या बरोबर लागल्या तरच मोटर फिरणार, नाहीतर जागच्या जागी घुरघुरणार. आठ दिवस ती नुसती घुरघुरली. शेवटी वामनरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. ‘‘अरे, दामले आणि कुरेशीला एका जोडीत घातलंय मी! हे दोघं मिलमध्ये कधी एका शिफ्टला चालले का?’’ जोडी बदलली आणि मोटर खरोखर फिरली. मग त्यांनी निवृत्तीच्या कागदांवरची आपली जुनी ठसठशीत सही कॉम्प्युटरवर गिरवून मशीनला दिली, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. पेनने झोकात सही केली, पण आरशात बघावी तशी उलटी. झेंड्याची काठी भलत्याच बाजूला आणि शेपूट सुरुवातीलाच! वामनरावांनी सगळ्या वायरी तपासल्या आणि शांतपणे माझ्याकडे बघितलं. ‘‘दत्ता उलटा लागलाय.’’ दामल्याचं मला माहीत नाही, पण मी आयुष्यभर सरळ चाललेला माणूस आहे. तरी त्या दिवशी मला माफी मागावी लागली.

मशीन सुधारलं. एकामागून एक पन्नास सह्या केल्या, सगळ्या सारख्या. मी म्हणालो, ‘‘चला, आता स्लिपवर घरूनच सही करून नेऊ.’’ तर माझ्यावरच उखडले. ‘‘चोरी आहे का ही? त्यांच्यासमोर करणार!’’ मग ऐन मे महिन्यात आम्ही मशीन चादरीत गुंडाळून रिक्षाने बँकेत नेलं. दारातल्या शिपायाने विचारलं, ‘‘इसमें क्या है?’’ वामनराव म्हणाले, ‘‘माझी सही आहे.’’ त्याने दोनदा विचारलं, दोनदा हेच उत्तर मिळालं, तेव्हा सोडलं बिचाऱ्याने. आत मोकळं सॉकेट एकच, आणि तेही कुलरचं. वामनरावांनी बेधडक कुलर बंद करून मशीन जोडलं. रांगेतली माणसं आधी चिडली, पण पेन सरकायला लागल्यावर सगळी भोवती जमली. जैनाबादचे एक शेतकरी तर मला विचारायला लागले, ‘‘याच्यावर जमिनीच्या खसऱ्याची नक्कल निघते का हो?’’ सही झाली तेव्हा लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

अधिकारी एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी सही ताडून बघितली. ‘‘मॅच तो एकदम हो रहा है, अंकल. लेकिन साइन तो मशीन ने किया ना?’’

‘‘आणि मशीन कोणी केलं?’’ वामनरावांनी विचारलं.

मॅडम हसल्या. मग त्यांचं लक्ष वामनरावांच्या हाताकडे गेलं असावं, कारण हसणं थांबलं. त्या तोडक्यामोडक्या मराठीत म्हणाल्या, ‘‘काका, अंगठा नका देऊ. तुम्ही नवीन सही द्या. जशी येते तशी. मी तीच रेकॉर्डला लावते.’’ आणि तीन चौकटींचा फॉर्म समोर ठेवला. कुलर बंदच होता, सगळे घामाने निथळत होते, पण रांगेत परत कुणी गेलं नाही. वामनरावांनी पेन घेतलं. काठी वाकडी झाली, शेपूट भरकटत चौकटीबाहेर गेलं. तिसऱ्या सहीला त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, मिलमध्ये दुसऱ्यांचं धरायचे तसं. मला ते बघवेना. आठ महिने मी या माणसाची टर उडवत होतो याची मला त्या क्षणी भयंकर लाज वाटली. रिक्षात मशीन आमच्या दोघांच्या मांडीवर. अर्ध्या वाटेत ते म्हणाले, ‘‘दत्ता, कुलर परत लावला का रे आपण?’’ लावला नव्हता.

मला वाटलं, मशीनचं काम संपलं. ते म्हणायचे, ‘‘आता हिच्या रांगोळीचे छाप काढतो.’’ पण रांगोळीचा एकही छाप निघाला नाही आणि दुपारच्या वेळी आतून मोटरीचा आवाज मात्र येत राहिला. विचारलं की म्हणायचे, ‘‘चाललंय जरा.’’

गेल्या रविवारी वहिनींनी बोलावलं. म्हणाल्या, ‘‘भाऊजी, ते मशीन घेऊन जा तुमच्याकडे. येता-जाता दिसतं, मला नाही सहन होत.’’ उचलण्याआधी चालतं का बघावं म्हणून मी एक कोरा कागद लावला आणि बटण दाबलं. पेन खाली आलं आणि थरथरायला लागलं. काठी वाकडी, शेपूट भरकटलेलं. मला वाटलं, एखादा स्क्रू ढिला झालाय. सगळे आवळले, दुसरा कागद लावला. पुन्हा तीच सही, त्याच जागी तोच झटका, त्याच जागी तोच कंप. ढिल्या स्क्रूने असं होत नाही, दर वेळी वेगळं होतं. मशीन उचलून बघितलं तर खाली बँकेच्या त्या फॉर्मची झेरॉक्स चिकटवलेली होती, तिसऱ्या चौकटीभोवती लाल पेन्सिलीचा गोल. म्हणजे या गृहस्थांनी हात आणखी बिघडला तरी सही रेकॉर्डवरच्या नव्या सहीशी जुळावी म्हणून बिनचूक चालणाऱ्या मशीनला आपल्यासारखं थरथरायला शिकवलं होतं! मला हसू आवरेना. हसत हसतच वहिनींकडे बघितलं आणि थांबलो.

वहिनी मशीनजवळ आल्या होत्या. त्यांनी पुन्हा बटण दाबलं आणि सरकणाऱ्या पेनवर अलगद हात ठेवला, शेवटी शेवटी चहाचा कप धरताना वामनरावांच्या हातावर ठेवायच्या तसा. सही पूर्ण होईपर्यंत हात तसाच राहिला. मग डोळे न पुसताच म्हणाल्या, ‘‘भाऊजी, अजून एक कागद लावा.’’