ज्योत्स्नाबाईंच्या घरचा नंबर

जळगावात मेहरूणला, तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका आतल्या गल्लीत भंगाळ्यांचं घर आहे. त्या घरातल्या ज्योत्स्नाबाई सकाळचा चहा ठेवला की गॅस बारीक करून बाहेरच्या खोलीत यायच्या, टेलिफोन उचलून कानाला लावायच्या, आणि आतून तो एकसुरी आवाज आला की परत ठेवून द्यायच्या. कोणाला फोन लावायचा नसायचा. लाइन चालू आहे ना, एवढंच बघायचं असायचं.

त्यांचे यजमान चुडामण भंगाळे भुसावळला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. घरात, गल्लीत सगळे त्यांना नाना म्हणत. निवृत्त झाल्यावर काही वर्षांतच नानांचा विसरभोळेपणा वाढत गेला. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग बाजारातून घरी यायचा रस्ता गेला. एकदा ते आपल्याच दाराची कडी वाजवून विचारू लागले, "भंगाळे इथेच राहतात का?" त्या दिवसापासून ज्योत्स्नाबाईंनी त्यांना घरचा टेलिफोन नंबर पाठ करवायला घेतला. संध्याकाळी अंगणात खाट टाकायची, आणि पोरांना पाढे शिकवावेत तसं एका चालीत म्हणायचं. बावीस... की नानांनी पुढचं म्हणायचं. नाना गुडघ्यावर बोटानं ताल धरत म्हणायचे. नाव विसरले, गाव विसरले, पण ती चाल राहिली.

मग एका शिवरात्रीला दोघं मुक्ताईनगरला मुक्ताईच्या दर्शनाला गेले. दर्शन नीट झालं. परत येताना बस स्टँडवर यात्रेची गर्दी. ज्योत्स्नाबाईंनी नानांना बाकड्यावर बसवलं, पिशवी मांडीवर दिली आणि "हलू नका हं," असं सांगून त्या जळगावची गाडी कुठे लागते ते विचारायला खिडकीशी गेल्या. परत आल्या तेव्हा बाकड्यावर पिशवी होती. नाना नव्हते.

पोलिसांत तक्रार झाली, फोटो छापले, मुलगा हेमराज मलकापूर, बऱ्हाणपूर, खंडवा फिरून आला. तिथून दिवसभर कुठकुठल्या गाड्या सुटतात, माणूस कुठल्या गाडीत चढला, कोण सांगणार? तिसरं वर्ष सरत आलं तेव्हा नातेवाईक दबक्या आवाजात कुंकवाचं काय करायचं ते विचारू लागले. ज्योत्स्नाबाई सकाळी उठून टेलिफोन कानाला लावत.

त्याच टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर घरचं इंटरनेट चाले. चाले म्हणजे कधी चाले, कधी नाही. सून कामिनी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करायची. तिची मीटिंग सुरू झाली की पलीकडून सगळे म्हणायचे, "कामिनी, आवाज तुटतोय." पावसाळ्यात तारेच्या जोडात पाणी शिरलं की आठवडाभर सगळं बंद. तरी कामिनीनं कधी 'बदलू या' म्हटलं नाही. सासूबाई सकाळी काय करतात, ते ती रोज स्वयंपाकघरातून बघत होती.

शेवटी कंपनीचाच मेसेज आला. या भागातल्या तांब्याच्या तारा बंद होणार, ग्राहकांनी फायबर घ्यावं.

फायबर बसवायला तोताराम आला. चाळिशीचा, घाम पुसत पुसत काम करणारा माणूस. वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं. त्यानं खिडकीच्या चौकटीला भोक पाडून बारीक काळी केबल आत घेतली, भिंतीवर पांढरा डबा ठोकला.

"नंबर तोच राहील ना?" ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

"तोच राहतो काकू. टेलिफोन या डब्याला लावायचा, बस."

थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं. तो शिडीवर होता. "काकू, काळजी सोडा. सगळ्यांचा तोच राहतो."

जाताना त्यानं खांबावरून आलेली जुनी तार कापली, गुंडाळी केली आणि खांद्यावर टाकून नेली. ती गुंडाळी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ज्योत्स्नाबाई दारात उभ्या होत्या.

इंटरनेट मात्र झकास सुरू झालं. कामिनीला पलीकडचे लोक म्हणाले, आज तू समोर बसल्यासारखी दिसतेस. टेलिफोन उचलला तर आवाज येत होता. हेमराजला लावला, लागला. सगळं ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ज्योत्स्नाबाईंच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी टेलिफोनच्या शेजारी बसून मोबाइलवरून घरचा नंबर लावला.

कानात घंटी वाजू लागली. समोरचा टेलिफोन गप्प.

त्यांनी कापला, पुन्हा लावला. कानात घंटी अगदी स्पष्ट वाजत होती आणि खोलीत कूलरच्या घरघरीशिवाय काही नव्हतं. त्यांनी हात पुढे करून टेलिफोनवर ठेवला. थरथर नाही, काही नाही. म्हणजे त्यांच्या घरचा फोन वाजत होता, पण दुसरीकडेच कुठेतरी.

कामिनीनं तक्रार नोंदवली. संध्याकाळी मेसेज आला, आपली तक्रार दूर करण्यात आली आहे. टेलिफोन गप्पच. पुन्हा तक्रार, पुन्हा तोच मेसेज. तोतारामला फोन केला तर तो म्हणाला, "वरून होईल ते, माझ्या हातात नाही." हेमराज म्हणाला, "आई, होईल दोन-चार दिवसांत. इतकं काय?" आणि म्हणून झाल्यावर त्याला स्वतःलाच कसंतरी वाटलं.

ज्योत्स्नाबाईंची झोप गेली, जेवण गेलं. जेव्हा तेव्हा त्या नंबर लावून ऐकत बसत. कुठल्या तरी बंद खोलीत, धूळ खात पडलेल्या सामानात आपल्या घराची घंटी वाजते आहे, असं त्यांना दिसायचं. ते नेमके आताच फोन करत असले तर? इतकी वर्षं आपण उचलायला बसलो होतो, आणि आता?

अशाच एका दुपारी घंटी वाजता वाजता थांबली आणि कोणीतरी फोन उचलला.

"कोन शे?" म्हाताऱ्या बाईचा मोठा, खरखरीत आवाज.

ज्योत्स्नाबाईंनी दचकून समोरच्या टेलिफोनकडे पाहिलं. तो जागच्या जागी होता.

"बोल ना भाऊ. आकडा म्हन. मी आयकी ऱ्हायनू."

"कोण बोलतंय?" ज्योत्स्नाबाई कशाबशा म्हणाल्या.

"अगं बाई! आज बाईमानूस? मी भिकुबाई. तू कोन शे माय?"

"हा आमच्या घरचा नंबर आहे. तुम्ही कुठून बोलताय? आणि आकडे कसले?"

भिकुबाई जळगावच्याच दुसऱ्या टोकाच्या पिंप्राळ्यातून बोलत होत्या. पुढचं ऐकायला ज्योत्स्नाबाई फोनवर थांबल्याच नाहीत. पत्ता विचारला, कामिनीला हाक मारली, आणि दोघी रिक्षा करून निघाल्या.

भिकुबाई मूळच्या शिरपूरकडच्या, बोलणं अजून अहिराणीच. एकट्याच राहायच्या. मुलगा पुण्याला, त्यानंच आईशी व्हिडिओवर बोलता यावं म्हणून फायबर घेऊन दिलं होतं. ज्या दिवशी भंगाळ्यांकडे डबा बसला, त्याच दिवशी तोतारामनं इथेही बसवला होता, आणि कंपनीत कोणीतरी दोन घरांचे नंबर एकमेकांच्या डब्यांवर चढवले होते. एवढीच गफलत. भिकुबाईंना आपला नंबर कुठला, हेच माहीत नव्हतं. मुलगा मोबाइलवर बोलायचा, टेलिफोन नुसता शोभेला. पण तो वाजायचा, आणि त्यांना त्याचं कौतुक होतं.

"कोण फोन करतं?" ज्योत्स्नाबाईंनी विचारलं. त्या अजून उंबऱ्यातच होत्या.

"एक मानूस शे. पहिलांदा एक पोर बोलनी, चुडामण, जीवराम असं काई तरी विचारे. मी सांगं, आठे कोनी नही, राँग नंबर शे. तरी दुसरा दिन फोन वाजना. तो मानूस काई बोलस नही. नुसता आकडा म्हनस, गानं म्हनतस ना, तसा. मंग मी बी आयकत बसस. माले तरी कोन शे बोलाले?"

ज्योत्स्नाबाई आत येऊन त्यांच्यासमोर बसल्या. त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "कसा म्हणतो?"

भिकुबाईंनी मांडीवर बोट आपटत चाल धरली. "बावीस..."

पुढचा आकडा ज्योत्स्नाबाईंनी म्हटला. मग दोघींनी मिळून तो शेवटपर्यंत म्हटला. कामिनी तोंडावर पदर धरून भिंतीकडे वळली.

कामिनीनं तिथूनच तोतारामला बोलावलं. तो आला, सगळं ऐकून वरमला. "चूक झाली काकू. मी आत्ता ऑफिसला जातो, संध्याकाळपर्यंत नंबर तुमच्याकडे."

"हात लावू नका," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

"पण काकू, तुमचाच नंबर..."

"तुम्ही तो काढायला जाल आणि मधेच कुठे हरवून बसाल. फोन येईपर्यंत काहीसुद्धा हलवायचं नाही."

भिकुबाईंच्या टेलिफोनवर आलेला नंबर दिसत नव्हता. त्यामुळे वाट बघण्याशिवाय मार्ग नव्हता. ज्योत्स्नाबाई जेवणाचा डबा घेऊन रोज पिंप्राळ्याला येऊ लागल्या. भिकुबाई चहा करायच्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर ठेचा ठेवून पुढे करायच्या, आपल्या मुलाच्या तक्रारी सांगायच्या. ज्योत्स्नाबाई टेलिफोनकडे बघत हो-हो करायच्या. आपण आलो म्हणून तर तो फोन करायचा थांबला नाही ना, असं त्यांना वाटू लागलं. कधी वाटायचं, ते आता राहिलेच नाहीत. आकडे म्हणतंय ते दुसरंच काही आहे.

आणि मग एका दुपारी घंटी वाजली. भिकुबाईंनी हातानंच खूण केली, तू उचल.

ज्योत्स्नाबाईंनी उचलला. पलीकडे पंख्याचा आवाज, भांडी घासल्याचा आवाज. मग कोणीतरी घसा साफ केला आणि म्हणायला सुरुवात केली. आवाज बारीक झाला होता, दात गेले असावेत, पण चाल तीच.

"अहो," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, "मी आहे. ज्योत्स्ना."

आकडे थांबले. मग तो आवाज म्हणाला, "राँग नंबर शे, भाऊ," आणि पुन्हा पहिल्यापासून आकडे सुरू झाले.

"ठेवू नका!" ज्योत्स्नाबाई ओरडल्या. "शेजारी कोण आहे? कोणीतरी बोला, फोन ठेवू नका!"

शेजारी सारिका होती. बऱ्हाणपूरजवळच्या एका निराधार आश्रमात ती नुकतीच कामाला लागली होती, माहेर भुसावळचं. हे आजोबा आपलं नाव जीवराम सांगत. ते त्यांच्या वारलेल्या थोरल्या भावाचं नाव. कधी चुडामण म्हणत. दिवसभर आकडे पुटपुटायचे, म्हणून तिकडे त्यांना सगळे 'गिनतीवाले बाबा' म्हणायचे. सारिकाला ऐकता ऐकता वाटलं की आपल्याकडच्या टेलिफोन नंबरासारखं हे वाटतं. तिनं जळगावचा कोड लावून बघितला. पलीकडून 'राँग नंबर' आलं. पण घंटी आणि बाईचा आवाज ऐकून बाबा शांत झाले, दोन घास जेवले. तेव्हापासून ते फारच अस्वस्थ झाले की ती तो नंबर लावून देत असे.

दुसऱ्या दिवशी हेमराज गाडी करून गेला. नाना घरी आले.

त्यांनी कोणाला ओळखलं नाही. हाडं तेवढी उरली होती. ज्योत्स्नाबाईंनी कढत पाण्यानं अंघोळ घातली, धुतलेला सदरा घातला, भात कालवून दिला. नाना सगळं ऐकायचे, पाहुण्यासारखे अवघडून बसायचे. दुपार झाली की मात्र उठायचे आणि दाराकडे बघत म्हणायचे, "मला घरी फोन लावून द्या."

"हेच घर आहे, अहो."

"नाही. घरी फोन लावायचा आहे."

हट्टच धरायचे, आणि मग गुडघ्यावर बोट आपटत आकडे सुरू व्हायचे. पहिल्यांदा ज्योत्स्नाबाईंनी थकून तो नंबर लावून दिला. पिंप्राळ्याला घंटी वाजली, भिकुबाईंनी फोन उचलला, आकडे ऐकून घेतले. नाना शांत झाले. आडवे झाले, झोपले.

तोताराम कंपनीचा निरोप घेऊन आला. नंबर अदलाबदलीची मंजुरी आली होती, एका दिवसाचं काम.

"राहू द्या तिकडेच," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

"काय सांगता काकू! याच्यासाठी तुम्ही..."

"हो. तरी राहू द्या."

तोताराम कामिनीकडे बघू लागला. कामिनीनं मान हलवली. तो गेला.

आता रोज दुपारी पडदे ओढलेले असतात, आतल्या खोलीत कामिनीचं काम चालू असतं आणि बाहेरच्या खोलीत नाना घरी फोन करतात. ज्योत्स्नाबाई नंबर लावून देतात आणि शेजारी बसतात. भिकुबाई ऐकायला कमी, म्हणून मोठ्यानं बोलतात. त्यांचं सगळं ऐकू येतं. आधी नुसते आकडे व्हायचे. हल्ली नाना एखादा शब्दही बोलतात. घरी सगळे बरे आहेत का, विचारतात. "बठ्ठा मजामा शेतस, भाऊ," भिकुबाई ओरडून सांगतात.

परवा आकडे संपल्यावर नाना थांबले, कपाळाला आठी घालून काहीतरी शोधत राहिले, आणि म्हणाले, "ज्योत्स्ना आहे का घरी?"

ज्योत्स्नाबाईंचा हात नानांच्या पाठीवरच होता.

"शे ना," पलीकडून आवाज आला. "सयपाक करी ऱ्हायनी."

नानांनी समाधानानं मान हलवली. ज्योत्स्नाबाईंनी पाठीवरचा हात काढला, हळूच उठल्या, आणि स्वयंपाकघरात जाऊन गॅस पेटवला.