आईचं वजन उतरलं तेव्हा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आईची पाळी थांबली. परतूरच्या आमच्या घरात त्यानंतर एक बदल न बोलता झाला. हापशाचं पाणी, गिरणीवरचं दळण, शेतातली निंदणी ही कामं वहिनीकडे गेली. आईनं आता बसून खायचं, हा तिचा मान होता. दोन-तीन वर्षांत ब्लाउजची बाही तिच्या दंडात रुतू लागली. बायका म्हणत, "अंगानं भरल्या. सून चांगली भेटली." वहिनीलाही ते ऐकायला आवडे.

मग भोकरदनला राहणाऱ्या मावशीला, आईच्या थोरल्या बहिणीला, स्तनाचा कर्करोग निघाला. ऑपरेशनच्या आधी ती फार वाळली होती. आईनं तिला त्याच अवस्थेत पाहिलं.

मी तेव्हा जालन्यात एका दैनिकात उपसंपादक होते. आरोग्याच्या पानासाठी आलेल्या एका मजकुराचं भाषांतर माझ्याकडे होतं. पाळी गेल्यानंतर वाढलेल्या वजनानं स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, नियमित व्यायामानं तो काही प्रमाणात कमी होतो, असं त्यात होतं. सुट्टीला घरी गेले तेव्हा ते आईला वाचून दाखवलं. तिनं एवढंच विचारलं, "बहिणीला झालं म्हणजे मलाबी व्हईल का?" होईलच असं नाही, पण इतरांपेक्षा धोका जास्त, असं मी सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी स्टेशनच्या रस्त्यानं चालू लागली. त्या वयाची बाई रिकाम्या हातानं भरभर चाललेली दिसली, की परतुरात घरी भांडण झालं असं समजत. शेजारच्या काकू वहिनीला विचारून गेल्या, "सासू रुसून निघाली का वो?" तेव्हापासून आई हातात पिशवी घेऊ लागली. कोणी हटकलं तर म्हणे, "भाजीला चालले."

"रोज जाता अन् पिशवी रिकामीच," काकू म्हणाल्या. "भाजी काय रस्त्यातच खाता?"

उन्हाळा सरता सरता वजन उतरलं. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, काटे होते, पण पोत्यांच्या काट्यावर बाईमाणूस चढत नसे. आम्हाला ते बांगड्यांवरून कळलं. मनगटात घट्ट बसणाऱ्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या. गल्लीतल्या बायकांचा सूर बदलला. "वाळल्या वो. दुखतं का काही?"

आमच्याकडे वाळणं म्हणजे आजार. आईनं चालणं बंद केलं आणि ताटात तूप वाढवलं. बांगड्या पुन्हा घट्ट झाल्या, तर रोग नाही, असा तिचा हिशेब होता. वहिनीनं माझ्या कार्यालयात फोन केला. सासूला ती आत्याबाई म्हणे. "आत्याबाई जेवतात अन् लगेच बांगड्या वर सरकवून बघतात. कुणाशी बोलत न्हाईत. तुम्ही जल्दी या."

मी गेले. वजन चालण्यामुळे उतरलं, असं सांगून पाहिलं.

"पोस्टमनबी चालतो," आई म्हणाली. "तो तर हाय तसाच हाय."

"मग डॉक्टरला दाखवू."

"अन् निघालं तर?"

या प्रश्नावर दोन दिवस गेले. लेडी डॉक्टर असेल तर येते, असं शेवटी ती म्हणाली. आम्ही जालन्याला आलो. पडद्याआड मी तिच्या उशाशी उभी होते. डॉक्टरबाईंचा हात डाव्या काखेत जास्त वेळ थांबला, तेव्हा आईनं डोळे मिटले.

"गाठ हाताला लागत नाही," बाई म्हणाल्या.

"मंग वाळले कशानं?"

"खाणं तेच आणि चालणं वाढलं. वजन उतरणारच. चालणं सोडलं का?"

आईनं होकारार्थी मान हलवली. बहिणीला हा आजार आहे, म्हणून औरंगाबादला स्तनाचा एक्स-रे फोटो काढून घ्या, तपासणी दर वर्षी करा आणि चालणं पुन्हा सुरू करा, असं बाईंनी सांगितलं.

"चालले तर आणखी वाळंन," आई म्हणाली. "चालण्यानं वाळले का त्या रोगानं, मला कसं कळावं?"

बाई हात पुसता पुसता थांबल्या. "तुम्हाला नाही कळणार. म्हणून तर दर वर्षी यायचं."

बाहेर आल्यावर आईनं औरंगाबादची गाडी कधी आहे ते विचारलं. उद्या सकाळी निघू, असं मी म्हणाले.

"उद्या न्हाई," ती म्हणाली. "उद्या मी येणार न्हाई. आत्ताच चल."