भर चावडीसमोर उजळलेला मुखवटा

रझाकारांच्या भीतीनं लोहाऱ्यातल्या महादेवाचा पितळी मुखवटा वर्षभर कडब्याच्या गंजीत दडवलेला होता. श्रावणी सोमवारच्या पालखीसाठी इरम्मानं तो बाहेर काढला, तर पार काळाठिक्कर. चिंच अन् राख घेऊन ती भर चावडीसमोर घासायला बसली. मुखवट्यावरच्या नागाच्या खवल्यांतला मळ काडीला चिंधी गुंडाळून कोरू लागली.

दीर महालिंगप्पा घाबरले. “वैनी, चमकला तर नेतील की त्यो!”

“म्हणून देवानं तोंड काळं करून बसावं व्हय?”

तेवढ्यात रझाकारांचे बंदूकवाले आले. एकानं मुखवट्याला हात घातला. इरम्मानं तो पोटाशी घट्ट धरला. “आधी मला उचला!”

तिचा आवाज ऐकून ओट्याओट्यावरच्या बाया धावल्या अन् तिला खेटून बसल्या. बंदूकवाले शिव्या देत निघून गेले. उन्हं उतरायच्या आत पालखी निघाली.